किनाऱ्यावर फोटो काढायला परवानगी लागते का? कुठे लागते, कुठे नाही आणि पैसे मागणारा कोण

थंडी पडली की कोकण किनाऱ्यावर कॅमेऱ्यांची गर्दी सुरू होते. कोल्हापूर, सांगली, पुण्याकडून प्री-वेडिंगवाले येतात, सुट्टीत मुंबईकर येतात, आणि गावातली पोरं तर मोबाईल घेऊन रोजच पुळणीवर. मग कुठेतरी खटका उडतो. कोणी येऊन विचारतो, "परवानगी कोणाची घेतली?" समोरचा म्हणतो, "समुद्र काय कोणाच्या बापाचो आसा?" एखाद्या ठिकाणी पाचशे रुपयांवर मिटतं, एखाद्या ठिकाणी कॅमेरा हिसकावण्यापर्यंत जातं. दोघांनाही नियम नीट माहीत नसतो, त्यामुळे ज्याचा आवाज मोठा त्याचं चालतं.

थोडक्यात सांगायचं तर असं आहे. मोकळ्या किनाऱ्यावर उभं राहून हातातल्या मोबाईलने किंवा कॅमेऱ्याने समुद्र, वाळू, डोंगर, होड्या, मावळता सूर्य यांचा फोटो काढायला कोणाचीही परवानगी लागत नाही. पोलिसांची नाही, ग्रामपंचायतीची नाही, शेजारच्या रिसॉर्टवाल्याची तर नाहीच. देखाव्यावर कोणाची मालकी नसते. परवानगीचा प्रश्न येतो तो तुम्ही पाय कुठे ठेवलाय, आकाशात काय उडवताय, कोणाचा चेहरा टिपताय आणि कामाचा पसारा केवढा आहे यावरून.

पुळण कोणाची?

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम २० नुसार भरतीच्या रेषेखालचा समुद्राचा आणि खाडीचा तळ ही राज्य सरकारची मालमत्ता आहे. म्हणजे भरतीचं पाणी जिथपर्यंत येतं तिथपर्यंतची वाळू सरकारची. त्या पट्ट्यात चालणाऱ्याला, बसणाऱ्याला, फोटो काढणाऱ्याला कोणी खासगी माणूस अडवू शकत नाही. समोर हॉटेल असलं तरी समोरची पुळण हॉटेलची होत नाही. खुर्च्या आणि छत्र्या मांडल्या म्हणूनही होत नाही.

पण भरतीच्या रेषेच्या वर गोष्ट बदलते. आपल्याकडे माडाच्या बागा, सुरूची बनं, आंब्याची कलमं थेट वाळूपर्यंत आलेली असतात आणि त्यांचा सातबारा कोणाच्या तरी नावावर असतो. कुठे गडगा असतो, कुठे नसतो. बाहेरच्या माणसाला माडाच्या सावलीत बसलेली जोडी छान दिसते, पण ती जागा कोणाच्या तरी बागायतीतली आहे हे त्याच्या लक्षात येत नाही. खासगी जागेत शिरायला मालकाला विचारावंच लागतं आणि मालक नाही म्हणाला तर निघावं लागतं. मालकाने तिथे शूटिंगचे पैसे मागितले तर तो त्याचा हक्क आहे, त्यात गैर काही नाही. बाहेर सार्वजनिक रस्त्यावर किंवा वाळूत उभं राहून त्याच बागेचा फोटो काढला तर मात्र मालकाला अडवता येत नाही.

हीच गोष्ट सड्यावरच्या कातळशिल्पांची. बारसू, उक्षी, देवीहसोळ, कशेळी, सिंधुदुर्गातलं कुडोपी अशी कोकणातली ठिकाणं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली आणि कॅमेरेवाल्यांची पावलं तिकडे वळली. यातली बरीचशी शिल्पं लोकांच्या मालकीच्या कातळावर आहेत. मालक सहसा कोणाला नाही म्हणत नाही. चित्रावर बूट घालून उभं राहणं आणि रेषा उठून दिसाव्या म्हणून खडू किंवा रांगोळी भरणं, यावरून मात्र वाद होतात आणि ते बरोबरच आहे. पाणी किंवा उतरतं ऊन पुरतं. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी गेलं तर रेषा आपोआप दिसतात.

सीआरझेडचं नाव घेऊनही काही जण फोटो बंद आहे म्हणून सांगतात. तसं काही नाही. २०१९ ची सीआरझेड अधिसूचना बांधकाम, भराव, वाळू उपसा अशा गोष्टींबद्दल आहे. फोटोशी तिचा संबंध नाही. पण शूटिंगसाठी वाळूत खांब रोवून मंडप उभारला, जनरेटर आणला, रस्ता केला तर ती वेगळी बाब झाली, तेव्हा तहसीलदार विचारणारच.

आणि गाडी. फोटोसाठी जीप वाळूत उतरवायची हौस दर मोसमात कोणाला तरी नडते. भरती आली की गाडी रुतते, मग ट्रॅक्टर शोधत गावात फिरायचं, वर पोलिसांत गुन्हा. फोटोला परवानगी लागत नाही याचा अर्थ गाडीलाही लागत नाही असा होत नाही.

किल्ल्यावर

सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग, जंजिरा, अलिबागचा कुलाबा हे केंद्राच्या पुरातत्त्व खात्याचे संरक्षित किल्ले आहेत. १९५८ चा प्राचीन स्मारकांचा कायदा आणि १९५९ चे नियम इथे लागू होतात. जुलै २०२५ मध्ये 'मराठा लष्करी भूदृश्ये' या नावाने १२ किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. त्यात किनाऱ्यावरचे खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग आहेत. त्यामुळे आता पहारा आणि विचारपूस दोन्ही वाढणार.

साध्या पर्यटकाला घाबरायचं कारण नाही. २०१८ मध्ये पुरातत्त्व खात्याने अजिंठ्याची लेणी आणि ताजमहालातली मुख्य कबर अशी मोजकी ठिकाणं सोडून बाकी संरक्षित स्मारकांच्या आवारात फोटो काढायला मोकळीक दिली. तटावर उभं राहून घरच्यांचा फोटो घ्या, कोणी काही म्हणणार नाही.

अडतं ते पसाऱ्याला. तिपाई, मोठे दिवे, रिफ्लेक्टर, कपडे बदलायला तंबू, सोबत दहा माणसं असं शूटिंग असेल तर आधी परवानगी घ्यावी लागते आणि फी भरावी लागते. प्री-वेडिंग, गाण्याचा अल्बम, जाहिरात, मालिका हे सगळं यात येतं. 'आमचं घरगुतीच आहे' असं सांगून चालत नाही, कारण सोबत भाड्याने आणलेला फोटोग्राफर दिसतो. अर्जासाठी पुरातत्त्व खात्याने २०२३ मध्ये ऑनलाइन ई-परमिशनची सोय केली आहे. सिंधुदुर्ग, रत्नागिरी हे जिल्हे खात्याच्या मुंबई मंडळाखाली येतात आणि त्याचं कार्यालय शीवच्या किल्ल्यात आहे. किल्ल्यावरच्या पहारेकऱ्याला चहापाणी देऊन काम होईल असं सांगणारे भेटतात. तो पहारेकरी परवानगी देणारा अधिकारी नाही. उद्या वरून तपासणी आली तर तोच पहिला हात वर करील.

किल्ल्याचा लांबून फोटो काढायला हे काही लागू नाही. मालवणच्या बंदरातून सिंधुदुर्गाचा, हर्णैच्या पुळणीवरून सुवर्णदुर्गाचा फोटो कितीही काढा. राजकोटावरच्या पुतळ्याचंही तसंच. सार्वजनिक जागी कायमच्या उभ्या असलेल्या शिल्पाचा किंवा इमारतीचा फोटो काढणं आणि छापणं हे कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ ने मोकळं ठेवलं आहे.

देवळांचं वेगळं. गाभाऱ्यात फोटो चालतो की नाही हे देवस्थान ठरवतं, पाटी बघावी. दीपगृह, तटरक्षक दलाची जागा, बंदराची कुंपणाआतली बाजू इथे पाटी असेल तर कॅमेरा खाली. तिथे १९२३ चा शासकीय गुपितांचा कायदा मध्ये येऊ शकतो आणि तो प्रकार पाचशे रुपयांत मिटणारा नाही.

ड्रोन

सगळ्यात जास्त गोंधळ इथे आहे. गावागावात आता एकदोघांकडे ड्रोन आहे, लग्नाच्या ऑर्डरीत 'ड्रोनसह' असं लिहूनच येतं. देशाचे ड्रोन नियम ऑगस्ट २०२१ पासून लागू आहेत आणि ते कोणा सरपंचाच्या हो-नाहीवर चालत नाहीत.

वजनावरून सुरुवात करायची. २५० ग्रॅमपर्यंतचा नॅनो, त्यावर २ किलोपर्यंतचा मायक्रो. लग्नवाल्यांकडचे ड्रोन बहुतेक या दोनपैकी एकात बसतात. ड्रोनची नोंदणी करून त्याचा ओळख क्रमांक घ्यायचा असतो. नॅनो उडवायला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. मायक्रो हौसेसाठी उडवला तर लागत नाही, पण धंद्यासाठी उडवला तर लागतं. लग्नाची ऑर्डर म्हणजे धंदाच. 'पैसे अल्बमचे घेतले, ड्रोनचे नाही' ही पळवाट चालणार नाही. नॅनो सोडून बाकीच्यांना दुसऱ्याच्या नुकसानीचा विमाही हवा.

आता जागा. सरकारच्या ऑनलाइन नकाशावर हिरवा, पिवळा आणि लाल असे पट्टे आहेत. हिरव्या पट्ट्यात ४०० फुटांपर्यंत उडवायला वेगळी परवानगी नको. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा २०० फुटांवर येते. ५ ते ८ किलोमीटरमध्ये जमिनीपासूनच पिवळा पट्टा, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रणाला विचारल्याशिवाय एक फूटही वर न्यायचा नाही. त्याहून जवळ गेलं तर लाल, आणि लाल म्हणजे केंद्र सरकारची परवानगी.

सिंधुदुर्गातल्या पोरांनी इथे नीट लक्ष द्यावं. चिपीचा विमानतळ ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झाला. रस्त्याने मालवणहून चिपी म्हटलं की खाडीला वळसा घालून जायचं, म्हणून तो लांब वाटतो. पण ड्रोनचा नियम सरळ रेषेत मोजतो. सरळ रेषेत भोगवे आणि देवबाग अगदी विमानतळाच्या कुशीत आहेत, मग तारकर्ली, मग मालवण. म्हणजे जिल्ह्यात जिथे सगळ्यात जास्त ड्रोन उडतात तोच पट्टा विमानतळाच्या १२ किलोमीटरच्या आत सापडतो. कर्ली खाडी आणि समुद्राचा संगम वरून फार सुंदर दिसतो हे खरं, त्या संगमाचे व्हिडिओ हजारोंनी फिरतात हेही खरं. पण दुसऱ्याने उडवला म्हणून आपला सुटेल असं नाही. नियम मोडला तर दंड १ लाख रुपयांपर्यंत जाऊ शकतो, ड्रोन हातचा जातो तो वेगळा. उडवण्याच्या दिवशी नकाशा उघडून बघायचा, कारण पट्टे बदलतात आणि मोठा पुढारी येणार असला की पोलीस तात्पुरती बंदी घालतात.

संरक्षित किल्ल्यावर ड्रोन उडवायला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, ड्रोन नॅनो असला तरी. होडीतून उडवला म्हणून सुटका नाही.

कासव, प्रवाळ आणि पद्मगड

मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे, सुमारे २९ चौरस किलोमीटरचं. पद्मगडाच्या आसपासचा भाग त्याचा गाभा. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या कलम २८ मध्ये अभयारण्यात जायचा परवाना कोणत्या कामासाठी मिळतो ते दिलं आहे आणि त्यात फोटोग्राफी हा शब्द स्पष्ट आहे. म्हणजे अभयारण्यात व्यावसायिक चित्रीकरण, पाण्याखालची फिल्म असं काही करायचं तर वनखात्याकडे जावं लागतं. अभयारण्य जाहीर झालं तेव्हा मच्छीमारांचा त्याला विरोध होता आणि तो अजून पूर्ण निवळलेला नाही. त्यामुळे बाहेरच्या कॅमेऱ्याने इथे दोन्ही बाजू सांभाळून राहिलेलं बरं.

वेळास, आंजर्ले, गुहागर, वायंगणी इथे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. पिल्लं समुद्राकडे जाताना बघायला लोक येतात, तिथे फोटोला मनाई नसते. पण फ्लॅश नको, पांढरी बॅटरी नको, पिल्लू हातात धरून सेल्फी तर मुळीच नको. पिल्लं उजेडाकडे वळतात आणि वाट चुकतात. शिवाय हे कासव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंक्तीत. गावातले कासवमित्र ओरडले तर वाईट वाटून घेऊ नये, घरट्यांची राखण करायला तीच माणसं रात्र रात्र जागतात.

माणसांचा फोटो

समुद्राला विचारावं लागत नाही, माणसाला विचारावं लागतं. रापण ओढली जात असते, पन्नास माणसं दोराला लागलेली असतात, तिथे कॅमेरेवाले जाळ्याच्या मधे उभे राहतात. हर्णै बंदरात संध्याकाळी माशांचा लिलाव चालतो, तिथेही तसंच. गर्दीचा लांबून फोटो घेतला तर कायद्याने अडचण नाही. एकट्या मासेवालीच्या तोंडासमोर लेन्स धरायची असेल तर आधी बोलायचं. ती नको म्हणाली की विषय संपला. तिच्या टोपलीतले मासे विकत घेऊन मग विचारलं तर ती बहुतेक हसून हो म्हणते, हा अनुभव अनेक फोटोग्राफर सांगतात.

असा फोटो जाहिरातीत वापरायचा असेल तर लेखी संमती घ्यावी. कोणाचं नाव किंवा चेहरा त्याच्या संमतीशिवाय जाहिरातीसाठी वापरणं हा खासगीपणाचा भंग आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९४ च्या राजगोपाल खटल्यात म्हटलं आहे. एखाद्या तांडेलाचा सुरकुतलेला चेहरा कोणा हॉटेलच्या फलकावर झळकला आणि त्याला पत्ताच नाही, असं झालं तर तो दाद मागू शकतो.

बायकांच्या बाबतीत तर जास्तच जपून. पाण्यातून आलेली बाई आडोशाला कपडे बदलत असेल आणि कोणी लपून चित्रण केलं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली पहिल्याच गुन्ह्याला एक ते तीन वर्षं कैद आहे. मित्राच्या ग्रुपवर टाकला एवढंच केलं, असं म्हणून सुटता येत नाही, पसरवणंही त्याच कलमात येतं. शेजारच्या गोव्यात तर पर्यटन खात्याने जानेवारी २०२३ मध्ये सूचनाच काढली की अनोळखी पर्यटकांचे, विशेषतः ऊन घेत पडलेल्यांचे किंवा पोहणाऱ्यांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नयेत. आपल्या किनाऱ्यावर अशी सूचना नसली तरी रीत तीच असायला हवी.

पैसे मागितले तर

ग्रामपंचायतीला फोटोवर कर लावता येत नाही. समुद्राचा देखावा पंचायतीच्या मालमत्तेत धरलेला नाही. मात्र पार्किंग, स्वच्छता, शौचालय, पंचायतीच्या स्वतःच्या जागेचा वापर यासाठी ठराव करून फी घेता येते आणि ती द्यायला कोणी कुरकुर करू नये. शेवटी पुळणीवरचा कचरा गावच उचलतं. पण पैसे दिले की पावती मागायची. कर आणि फीची पावती नमुना १० ची असते, त्यावर छापील क्रमांक, पंचायतीचं नाव, रक्कम आणि सही पाहिजे. कोऱ्या कागदावर शिक्का मारून दिलेली चिठ्ठी किंवा 'नंतर देतो' म्हणजे ते पैसे पंचायतीत गेलेले नाहीत. गावातल्या पोरांनीच असं वसूल करायला सुरुवात केली की गावाचं नाव खराब होतं आणि पुढच्या वर्षी शूटिंगवाले पलीकडच्या गावात जातात.

मालिका किंवा सिनेमाचं युनिट येणार असेल तर महाराष्ट्र चित्रपट, रंगभूमी आणि सांस्कृतिक विकास महामंडळाची एक खिडकी योजना आहे, तिथून वेगवेगळ्या खात्यांच्या परवानग्या एकत्र मागता येतात. जेटीवर शूटिंग असेल तर मेरीटाईम बोर्ड त्यात येतं. युनिटकडे परवानगीपत्र असेल तर ते बघायला मागावं, त्यात जागा आणि तारीख लिहिलेली असते. दोन दिवसांच्या परवानगीवर पाच दिवस मुक्काम ठोकणारेही असतात.

कोणी कॅमेरा ओढला, 'फोटो डिलीट कर' म्हणून दम दिला तर घाबरू नये. सुरक्षारक्षकाला, रिसॉर्टच्या मॅनेजरला किंवा गावातल्या कोणालाही दुसऱ्याचा मोबाईल घ्यायचा अधिकार नाही. त्यांना तक्रार करता येते, तेवढंच. पोलिसांना जप्त करायचा असेल तर पंचनामा करावा लागतो आणि जप्तीची पावती मिळते. ११२ वर फोन करून शांतपणे थांबावं.

काढलेला फोटो कोणाचा

गावातल्या पोरांचं नुकसान होतं ते इथे. एखाद्याने पावसाळ्यात छत्री धरून, भिजून खवळलेल्या समुद्राचा फोटो काढला, ग्रुपवर टाकला, आणि महिन्याभराने तो कोणा लॉजच्या फलकावर दिसला. लॉजवाला म्हणतो, नेटवरून घेतला. नेटवर असला तरी फोटोचा कॉपीराइट काढणाऱ्याचाच असतो, नोंदणी केली नसली तरी. काढणाऱ्याच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं तो टिकतो. फलकाचा फोटो काढून ठेवायचा, मोबाईलमधली मूळ फाइल जपून ठेवायची आणि पैसे मागायचे. मूळ फाइलमध्ये तारीख आणि वेळ असते, व्हॉट्सॲपवरून फिरून आलेल्या प्रतीत ती राहत नाही.

पैसे घेऊन दुसऱ्याच्या सांगण्यावरून काढलेला फोटो असेल तर मात्र उलटं आहे. कलम १७ प्रमाणे वेगळा करार नसेल तर त्याचा कॉपीराइट पैसे देणाऱ्याचा. म्हणून प्री-वेडिंगचे फोटो आपल्या पेजवर जाहिरातीसाठी टाकायचे असतील तर स्टुडिओवाल्याने ऑर्डर घेतानाच बिलाच्या कागदावर तसं एक वाक्य लिहून नवरा-नवरीची सही घ्यावी.